डेलियाला हवी असलेली उंची

प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. अशा प्रदर्शनात गुलाबांपुढे गर्दी असतेच, पण ताटाएवढा डेलिया दिसला की पुढे गेलेला माणूस दोन पावलं मागे येऊन पुन्हा बघतो. त्याच दिवसांत नर्सऱ्यांमधून डेलियाच्या कुंड्या हातोहात खपतात. होळीपर्यंत त्यातल्या बहुतेक वाळलेल्या असतात. खोड उपटलं जातं, माती दुसऱ्या झाडाला जाते आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा नवी कुंडी घरात येते. मी ज्या माळीकाकांकडून रोपं आणते, त्यांना एकदा विचारलं की गेल्या वर्षीचा कंद घेऊन कुणी परत येतं का. ते म्हणाले, "ताई, खाली कंद असतो हेच लोकांना ठाऊक नाही. फूल संपलं की झाड संपलं."

डेलिया हे कंदावर वर्षानुवर्षं जगणारं झाड आहे. युरोप-अमेरिकेत एकच जात पन्नास-पन्नास वर्षं घराघरांत सांभाळलेली असते. आपल्याकडे मात्र तो तीन महिन्यांचा पाहुणा होऊन बसला आहे. असं का झालं आणि त्याला कायमचं राहायला लावायचं तर काय करावं लागेल, हे पाहायचं तर आधी त्याच्या माहेरी जायला हवं.

ते माहेर म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला डोंगराळ प्रदेश. मेक्सिकोने १९६३ साली डेलियाला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को हर्नांडेझ या वैद्याला तिथल्या वनस्पतींचा अभ्यास करायला पाठवलं. त्याने केलेल्या नोंदींत हे झाड भेटतं. पुढे मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानातून माद्रिदला बी गेलं आणि तिथल्या शाही उद्यानात अंतोनियो कावानिलेस याने १७९१ साली या वंशाला नाव दिलं. नाव दिलं ते अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं. डाल १७८९ मध्येच वारला होता. ज्या फुलामुळे त्याचं नाव जगभरच्या बागांत गेलं, ते फूल त्याच्या नशिबी नव्हतं. युरोपात सुरुवातीला कंद खाऊन पाहण्याचाही प्रयत्न झाला. चव कुणाला रुचली नाही आणि झाड स्वयंपाकघराऐवजी बागेत गेलं. या कंदात बटाट्यासारखा स्टार्च नसतो, इन्युलिन असतं.

आता नकाशा उघडा. मेक्सिको सिटी साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मुंबई एकोणीस, पुणे साडेअठरा. म्हणजे डेलियाचं घर आपल्याच ओळीत आहे. पाऊस बघा. तिथे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास, पुण्यात सातशे-साडेसातशे, आणि दोन्हीकडे त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. इतकं साम्य असताना झाड आपल्याकडे रुसतं का? उत्तर एका आकड्यात आहे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंच आहे, पुणे सुमारे ५६० मीटर. दर हजार मीटर चढल्यावर हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. या हिशेबाने दोघांत अकरा अंशांचा फरक पडतो. डेलियाला आपला अक्षांश चालतो, पाऊसही चालतो, फक्त उंची कमी पडते. डेलियाची निगा म्हणून आपण जे जे करतो ते सगळं ही न मिळालेली उंची भरून काढण्यासाठी असतं. ही एक गोष्ट मनात बसली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मूळ ठिकाणी हे झाड पावसाच्या सुरुवातीला कोंब काढतं, पावसात वाढतं, पाऊस सरताना फुलतं आणि कोरड्या थंडीत जमिनीखाली कंद होऊन झोपतं. तिथल्या ऑगस्टमधली रात्र साधारण बारा-तेरा अंशांची असते. पुण्यात अशी रात्र डिसेंबरात मिळते. म्हणून आपल्या पठारी भागात डेलियाचा हंगाम हिवाळ्यात सरकला, आणि ते बरोबरच आहे. पण यात एक मेख आहे. तिथल्या ऑगस्टचा दिवस पावणेतेरा तासांचा असतो, आपल्या डिसेंबरचा जेमतेम अकरा तासांचा. डेलिया दिवसाच्या लांबीवर बारीक लक्ष ठेवून असतो. दिवस लांब असताना तो पानं आणि फांद्या वाढवतो. दिवस बारा तासांच्या खाली उतरला की त्याला वाटतं, हंगाम संपत आला, आता कंद भरून घ्यावेत. मग तो उंची वाढवायची सोडतो आणि सगळी ताकद जमिनीखाली नेतो.

आपल्याकडची निम्मी निराशा इथून येते. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत मातीत गेलेलं रोप दिवाळीपर्यंत गुडघ्याएवढं होतं आणि थंडीत दणकून फुलतं. दिवाळीची गडबड उरकून नोव्हेंबरच्या मध्याला लावलेलं रोप वीतभर उंचीवरच अडखळतं. त्याला एखादं फूल येतं, तेही मधे उघडं पडलेलं. माणसाला वाटतं, खत कमी पडलं. खतं वाढवली जातात, झाड अजून बिघडतं. चूक असते ती फक्त तारखेची. परदेशातले व्यावसायिक उत्पादक आखूड दिवसांत दिवे लावून झाडाला दिवस लांब असल्याचं भासवतात. घरच्या गच्चीवर त्याची गरज नाही, कॅलेंडर सांभाळलं तरी पुरतं.

कॅलेंडरचा हा घोळ पुस्तकांनी आणि आता व्हिडिओंनी वाढवला आहे. डेलियाविषयी मिळणारी बहुतेक माहिती इंग्लंड, हॉलंड, अमेरिकेतली असते. सिएटल शहराने १९१३ साली आणि सॅन फ्रान्सिस्कोने १९२६ साली डेलियाला आपलं अधिकृत फूल ठरवलं. दोन्ही शहरांचा उन्हाळा समुद्राच्या गार वाऱ्यांनी सौम्य राहतो. तिकडे राहणारी आपली माणसं अंगणातल्या डेलियाचे फोटो ऑगस्टमध्ये पाठवतात आणि इथल्या बहिणीला प्रश्न पडतो की माझ्या कुंडीत तर आत्ता नुसती माती आहे. तिकडे झाडाचा वैरी हिमकडाका. पहिल्या हिमाने पानं काळी पडली की कंद काढायचे, थंडीभर तळघरात ठेवायचे, वसंतात लावायचे. आपल्याकडे हिमाचं भय नाही. आपले वैरी दोन आहेत, एप्रिल-मेचा उन्हाळा आणि लगेच मागून येणारा पावसाळा. तिकडची झोप थंडीत, आपली झोप उन्हाळ्यात. म्हणून तिकडचे महिने वाचताना आपल्या महिन्यांत फिरवून घ्यावे लागतात.

लागवडीकडे वळू. डेलिया तीन वाटांनी घरात येतो: बी, कटिंग आणि कंद.

बियांची वाट सोपी. ऑगस्टच्या अखेरीस ट्रेमध्ये पेरलं की आठवड्या-दीड आठवड्यात उगवतं आणि तीनेक महिन्यांत फुलतं. बुटक्या, गुच्छाने फुलणाऱ्या जातींसाठी हे उत्तम. पण आवडत्या फुलाचं बी धरून तेच फूल मिळेल, अशी आशा धरू नये. बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ. चौसष्ट गुणसूत्रांचा हा जोड दर पिढीला पत्ते नव्याने पिसतो. एकाच फुलाच्या बियांतून लाल, पिवळी, दुरंगी, एकेरी, दुहेरी अशी मुलं निघतात. जगातल्या हजारो जाती याच गुणामुळे जन्मल्या. निळा रंग मात्र नुसत्या संकरातून अजून कुणालाच साधलेला नाही.

हवी तीच जात हवी असेल तर कटिंग किंवा कंद. महाराष्ट्रात मला कटिंगची वाट सगळ्यात भरवशाची वाटते. कोलकात्याकडच्या शौकिनांमध्ये तीच रूढ आहे आणि तिथली भलीमोठी फुलं पाहिली की तिच्याबद्दल शंका राहत नाही. ऑगस्टमध्ये कंदाला फुटलेले बोटभर कोंब घ्यायचे. कापताना एक गोष्ट पाहायची: कापलेल्या जागी देठ भरीव हवा. डेलियाचं जून खोड आतून पोकळ असतं आणि पोकळ काडीला मुळं नीट धरत नाहीत. खालची पानं काढून पेराच्या लगत खाली छाट द्यायचा, जाड ओलसर वाळूत सावलीत लावायचं, दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात.

कंदाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत इथेच होते. डेलियाचा घड हातात घेतला की रताळ्यांची आठवण येते. मधे जुन्या खोडाचा बुडखा आणि भोवती लटकलेली पाच-सात लांबट गाठोडी. बटाट्याला अंगभर डोळे असतात. रताळ्यालाही अंगावर कुठूनही कोंब फुटू शकतो. डेलियाला तसं जमत नाही. त्याचे डोळे फक्त एकाच जागी असतात, जिथे गाठोडं खोडाला चिकटतं त्या मानेवर. मोहरीएवढा फुगवटा, किंचित गुलाबी किंवा हिरवट, नीट बघितल्याशिवाय दिसतही नाही. मान मोडली किंवा बुडख्याचा तुकडा सोबत न घेता कंद तोडला, तर तो कितीही गुबगुबीत असो, त्याला कोंब येणार नाही. मुळं येतील, महिनोन्‌महिने टवटवीत राहील आणि तुम्ही वाट पाहत राहाल. मी एकदा ऑनलाइन पाच कंद मागवले. पाकिटावरचं चित्र सुंदर होतं. पाचांतल्या तिघांना मान नव्हती. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. दीड महिना मी रोज सकाळी त्या तीन कुंड्यांवर वाकून पाहत होते. आता कंद घेताना चाकू, भिंग आणि उजेड यांशिवाय मी पैसे काढत नाही, आणि पाकीटबंद कंद घेतच नाही. घड विभागायचा असेल तर डोळे फुगल्यावरच विभागा, म्हणजे कुठे कापायचं हे झाडच दाखवतं.

मातीचं सूत्र आपल्या कुणाही बागप्रेमी माणसाला परकं नाही. दोन भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड, थोडा हाडांचा चुरा. देशावरच्या काळ्या चिकण मातीत डेलिया तसाच लावू नये, पाणी धरून ती कंद कुजवते. जमिनीत लावायचंच तर उंच वाफा करावा. मोठ्या जातीला बारा इंची कुंडी लागते, बुटक्या जातीला आठ-दहा इंची. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा चांगली, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून मुळं गार राहतात. तेवढीच दोन-चार अंशांची उंची गाठली, असं समजायचं. वर पालापाचोळ्याचं आच्छादनही त्याचसाठी. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी बारानंतर सावली मिळेल अशी पूर्वेकडची जागा द्यावी आणि नोव्हेंबर उजाडला की दिवसभर उन्हात न्यावं. काठी मात्र लावतानाच रोवावी. झाड वाढल्यावर काठी खुपसली की ती कंदात घुसते आणि कूज तिथूनच सुरू होते.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. हा क्षण नव्या माणसाला जड जातो, पण न खुडलेलं झाड एकच सोट काढून वर जातं आणि एका फुलात संपतं. खुडल्यावर प्रत्येक पानाच्या बगलेतून जोडीने फुटवे येतात. ताटाएवढं फूल हवं असेल तर त्यातले तीन-चारच ठेवायचे. मध्यम फुलांचा बहर हवा असेल तर सगळे राहू द्यायचे.

मग कळ्यांची वेळ येते. डेलियाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात, मधली थोडी मोठी, दोन बाजूंना दोन धाकट्या. त्या वाटाण्याएवढ्या झाल्या की बाजूच्या दोन्ही अंगठ्याच्या नखाने अलगद काढायच्या. कात्री नको, मधलीचा देठ दुखावतो. सकाळी झाड पाण्याने तट्ट असताना त्या कट्‌कन सुटून येतात, दुपारी चिवटपणे सोलतात. त्याखालच्या दोन जोड्यांतले बगलफुटेही काढले तर फुलाचा देठ लांब, सरळ होतो. एवढं केलेल्या आणि न केलेल्या दोन कुंड्या शेजारी ठेवल्या तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका फरक पडतो. एका मोसमात एका झाडावर तरी हे करून बघाच.

पाण्याचं आणि खताचं थोडक्यात. कोंब वर येईपर्यंत कंदाला पाणी जवळजवळ नकोच. झाड वाढीला लागलं की भरपूर, पण माती वरून सुकल्यावरच. नत्राचा सोस नको. युरियाने पानं काळीभोर आणि देखणी होतात, फुलं कमी येतात, आणि कंद इतके पाणचट होतात की उन्हाळ्यात पहिले तेच कुजतात. कळ्या दिसू लागल्या की द्राक्षबागायतदारांचं शून्य-बावन्न-चौतीस लिटरला दोन ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा, एवढं कुंडीला पुष्कळ झालं. शेण-गोमूत्राची पातळ स्लरी देणाऱ्यांची फुलंही काही कमी नसतात.

किडींत मावा आणि फुलकिडे नोव्हेंबरपासून, लाल कोळी फेब्रुवारीत हवा तापली की. थंड रात्री आणि कोरडे दिवस आले की पानांवर भुरीची पांढरी पूड दिसते. निंबोळी तेल, साबणाचं पाणी, भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक, यांवर घरच्या बागेचं भागतं. गंधक पारा बत्तिशीच्या वर असताना मारू नये, पानं भाजतात. भीती या किडींची नाही, त्या जे घेऊन येतात त्याची आहे. मावा डेलियाचा मोझॅक विषाणू पसरवतो, फुलकिडेही विषाणू पसरवतात. पानांच्या शिरांलगत पिवळसर पट्टे, पानावर फिकट वर्तुळं, खुजं आणि झुडपासारखं झालेलं झाड, ही लक्षणं दिसली तर उपाय नाही. ते झाड कंदासकट काढून टाकायचं, कंपोस्टमध्येसुद्धा घालायचं नाही. त्याचं कटिंग घेतलं तर विषाणूही सोबत येतो, आणि कापलेला चाकू पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. लाडकी जात अशी गमावणं फार लागतं. मी दोन वेळा मोह केला, ठेवून पाहिलं, आणि दोन्ही वेळा शेजारची कुंडी गेली.

प्रदेशाप्रमाणे हिशेब बदलतो. पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगरकडच्या पठारावर हिवाळी डेलिया सगळ्यात खुशीत असतो. विदर्भात हिवाळ्याच्या रात्री सुंदर थंड असतात, त्यामुळे फुलं पुण्याच्या तोडीची येतात, पण उन्हाळा पंचेचाळिशीला भिडतो आणि कंद वाचवणं तिथे सगळ्यात अवघड. मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्रीचा पारा हवा तेवढा उतरत नाही, हवा दमट राहते. तिथे भल्यामोठ्या फुलांच्या मागे न लागता छोट्या चेंडूसारख्या, पॉम्पॉन आणि एकेरी फुलांच्या जाती निवडाव्यात. पॉम्पॉन म्हणजे दोन इंचांच्या आतलं घट्ट, गोल फूल. उष्ण हवेत ते फाटत नाही, वाकत नाही. एकेरी फुलांवर मधमाश्या येतात, हा वरचा नफा.

उंचीचा प्रश्न ज्यांना मुळातूनच कमी आहे ती आपली घाटमाथ्यावरची गावं. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे, पण तिथला पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, त्यात उघड्यावरचा कंद टिकणं शक्य नाही. पाचगणी तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला, उंची थोडी कमी आणि पाऊस कितीतरी कमी. मेक्सिकोच्या डोंगराशी महाराष्ट्रात कशाचं नातं जुळत असेल तर ते अशा पट्ट्याचं. जावळी, वाई, पाचगणी भागात ज्यांची घरं आहेत त्यांनी छपराखाली जूनमध्ये कंद लावून, झाडाला त्याच्या मूळ कॅलेंडरप्रमाणे पावसाळ्यात फुलवून पाहावं. देशात निलगिरी आणि हिमालयाच्या थंड गावांत डेलिया उन्हाळा-पावसाळ्यातच फुलतो. उटी तर मेक्सिको सिटीच्याच उंचीची.

बाजाराचा विषय लवकर संपतो. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा दादरच्या फुलबाजारात झेंडू, शेवंती, ॲस्टर, जरबेरा यांचे ढीग दिसतात, डेलिया क्वचित. त्याला वास नाही, खोड पोकळ, पाकळीला जरा धक्का लागला की डाग, आणि फुलदाणीत चार-पाच दिवसच. पाटीतून, टेम्पोतून प्रवास करणारं हे फूल नव्हे. ते झाडावर पाहायचं फूल आहे आणि म्हणूनच घरच्या बागेचं आहे. घरासाठी तोडायचं झालं तर पहाटे, पूर्ण उमललेलं तोडा. डेलियाची कळी पाण्यात उमलत नाही.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला तिथे येते. फुलं संपल्यावर काय?

पहिल्या वर्षी मी काहीच केलं नाही. कुंड्या गच्चीवर तशाच राहिल्या. जूनच्या पहिल्या पावसानंतर चार दिवसांनी माती उकरली तर आंबूस वास आला आणि कंदात बोट सरळ आत गेलं. दुसऱ्या वर्षी शहाणपण केलं, कंद काढले, धुतले, वाळवले, कोरड्या वाळूत भरून माळ्यावर ठेवले. ऑगस्टमध्ये उघडलं तर सुंठीसारखे झाले होते. स्लॅबखालचा माळा ही घरातली सगळ्यात तापणारी जागा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकदा ओलीने गेले, एकदा उष्णतेने. मधली वाट शोधायला आणखी दोन उन्हाळे गेले. ती अशी.

फेब्रुवारीअखेर फुलांचा आकार घटू लागला की पाणी हळूहळू कमी करायचं. पानं पिवळी पडू द्यायची, हिरवं झाड कापायचं नाही, कारण पानांतलं सत्त्व या काळात कंदात उतरत असतं. मार्चच्या मध्याला खोड वीतभर ठेवून छाटायचं. पोकळ खोडात पाणी साचून कूज मानेपर्यंत उतरते, म्हणून कंद काढल्यावर घड उलटा करून सावलीत दोन दिवस ठेवायचा. तुटलेल्या, जखमी भागाला गंधक किंवा राख लावायची. मग किंचित ओलसर, मुठीत दाबली तर थेंब न पडणाऱ्या कोकोपीटमध्ये तो मातीच्या भांड्यात भरायचा. जागा जिन्याखालची, मोरीच्या भिंतीलगतची, घरातली सगळ्यात गार आणि अंधारी. देशावर आणि विदर्भात आणखी एक युक्ती चालते: मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्या वाळूत कंदांचं छोटं मडकं, वाळूवर दिवसाआड पाणी शिंपडायचं. कोरड्या हवेत वाळूतलं पाणी उडतं आणि मडकं गार राहतं, माठातल्या पाण्यासारखं. कोकणातल्या दमट हवेत याचा उपयोग नाही. दर तीन आठवड्यांनी कंद दाबून पाहायचे. मऊ पडलेला काढून टाकायचा, सुरकुतलेल्यावर चार थेंब पाणी. भांडं पावसाळ्यात ओलीपासून लांब ठेवायचं. जुलैअखेर कोकोपीट थोडं ओलं करून भांडं उजेडात आणलं की दोन ते चार आठवड्यांत मानेवरचे ते मोहरीएवढे डोळे कोंब होतात, आणि कटिंगचा हंगाम सुरू होतो.

याहूनही खात्रीची एक पद्धत आहे, इंग्लंडातले जुने बागवान करतात ती. जानेवारीत झाड फुलावर असतानाच खालच्या फुटव्याचं कटिंग घ्यायचं आणि चार-पाच इंची कुंडीतच लावायचं. दिवस आखूड असल्याने ते फारसं वाढत नाही, पण मुठीत मावेल असा एक घट्ट, टणक छोटा घड तयार करतं. जो आखूड दिवस नोव्हेंबरच्या रोपाला अडवतो, तोच इथे आपलं काम करतो. एप्रिलमध्ये पाणी थांबवायचं आणि कुंडी न उकरता तशीच सावलीत सरकवायची. मोठ्या झाडाच्या मांसल कंदांपेक्षा हे छोटे कंद उन्हाळा कितीतरी चांगला काढतात. माझ्याकडचा तांबूस-किरमिजी डेलिया गेली काही वर्षं याच वाटेने टिकला आहे.

टिकवण्यासोबत नावाचंही भान हवं. रामकृष्ण मिशनच्या स्वामी विनयानंदांनी भारतात डेलियाच्या अनेक नव्या जाती घडवल्या. अशी जात नर्सरीतून 'लाल डेलिया' म्हणून घरी येते आणि मार्चमध्ये कचऱ्यात जाते, तेव्हा कुणाची तरी आयुष्यभराची मेहनतही जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ॲस्टरला 'फुले गणेश' वाण दिले आणि पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी ते उचलून धरले. उन्हाळा सोसणारा, आखूड दिवसांतही भरघोस राहणारा डेलियाही असाच इथल्या मातीत निवडून काढता येईल. बियांतून दर वेळी नवं काही देणारं हे झाड त्या कामाला अगदी योग्य आहे.

यंदा फुलं संपली की कुंडी उलटी करू नका. पट्टीवर जातीचं नाव लिहा, नाव माहीत नसेल तर रंग आणि वर्ष लिहा, पाणी तोडा आणि कुंडी जिन्याखाली सरकवा. पाऊस लागला तरी तिच्यावर थेंब पडू देऊ नका. आणि गणपतीच्या सफाईला लागाल तेव्हा, मातीचा वरचा थर बोटाने हलकेच बाजूला करून एकदा खोडाच्या मानेकडे बघा.